'डेझर्ट रोज' मागवताय? पूर्ण नाव सांगा

ॲडलेडमधल्या मराठी गिऱ्हाइकांचा फोन येतो, "एक डेझर्ट रोज बाजूला ठेवा." आम्ही ठेवतो स्टर्ट्स डेझर्ट रोज. न्यायला येणाऱ्याला हवं असतं फुगीर बुंध्याचं ॲडेनियम, पुण्याच्या नर्सऱ्यांत मिळतं ते. दोघांचीही फेरी फुकट! ॲडेनियम आफ्रिका-अरबस्तानातलं, कण्हेरीच्या कुळातलं. आम्ही फक्त ऑस्ट्रेलियाची मूळ झाडं विकतो.

आमचं झुडूप म्हणजे गॉसिपियम स्टर्टियानम, चक्क कपाशीच्या प्रजातीतलं. गुणसूत्रंही देशी कपाशीइतकीच, 26. उंची दीड-दोन मीटर. पान उजेडावर धरा, काळे बारीक ठिपके दिसतील, त्या तेलग्रंथी. फूल जांभळट गुलाबी, मधोमध गडद लाल. बोंडं धरतात, पण बियांवर आखूड लव असते; वाती वळण्याइतका कापूस निघत नाही. पाकळ्या पाचच. नॉर्दर्न टेरिटरी या ऑस्ट्रेलियातल्या प्रदेशाच्या झेंड्यावर हेच फूल आहे; तिथे पाकळ्या सात आहेत त्या सहा राज्यं आणि ही एक टेरिटरी मोजून काढलेल्या. तेव्हा "दोन कमी आल्या" म्हणून झाड परत आणू नये.

जुन्या पुस्तकात वेगळं नाव सापडलं तर गोंधळू नका. ऑस्ट्रेलियाचा अंतर्भाग धुंडाळणारे चार्ल्स स्टर्ट यांच्या 1844 च्या मोहिमेत मिळालेल्या नमुन्यावरून वनस्पतिशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्राउन यांनी 1849 मध्ये नाव दिलं स्टर्टिया गॉसिपिऑइडिस, म्हणजे 'कपाशीसारखी स्टर्टिया'. पुढे ही कपाशीच आहे हे मान्य झालं, आणि आजचं नाव जे. एच. विलिस यांनी 1947 मध्ये दिलं. ('कपाशीसारखी कपाशी' हे गमतीदार नाव मेक्सिकोतल्या एका जातीच्या वाट्याला आलंय.)

नुसतं "स्टर्टचं" म्हणूनही भागत नाही. स्टर्ट्स डेझर्ट पी वेगळं: जमिनीवर पसरणारं, लालभडक फुलांचं, आपल्या साउथ ऑस्ट्रेलियाचं राज्यफूल. ते स्वेनसोना फॉर्मोसा. बियांच्या जुन्या पाकिटांवर त्याचं आधीचं नाव, क्लायँथस, असतं.

"झाडाच्या नावाच्या पट्टीवर एवढं लांबलचक लॅटिन कशाला?" असं बरेच जण विचारतात. त्याच पट्टीचा फोटो पाठवलात तर चुकीचं झाड हातात पडत नाही. स्टर्ट्स डेझर्ट रोजचं बी घेणाऱ्यांनी त्याची कठीण साल ब्लेडने किंचित खरवडावी, नाहीतर ते मातीत नुसतं पडून राहतं. रोप हवं असेल तर 14 सेंटिमीटरच्या कुंडीत तयार आहे: भरपूर ऊन, निचऱ्याची माती आणि फुलं सरल्यावर हलकी छाटणी. रोज पाणी घालू नका, मुळं कुजतात.