रानजायफळाची राई आणि ‘दलदल’ या शब्दाचा घोळ

सिंधुदुर्गात दोडामार्ग तालुक्यातल्या हेवाळे-बांबर्डेच्या रानजायफळाच्या राईची, म्हणजे पाणथळ रानाच्या तुकड्याची, शास्त्रीय नोंद 2018 मध्ये प्रसिद्ध झाली. तोवर अशा राया गोव्यातल्या सत्तरीपर्यंतच, म्हणजे निरंकाराच्या राईपर्यंतच येऊन थांबतात असं मानलं जाई. या रायांतली झाडं म्हणजे श्रीखंडात किसतो त्या जायफळाचे रानटी भाऊबंद. बांबर्डेला आहे ती जात मायरिस्टिका मॅग्निफिका.

दक्षिण केरळातल्या अशा जंगलांचं पहिलं वर्णन 1960 चं. भारतातल्या जंगलांच्या 1968 च्या वर्गीकरणात त्यांना ‘मायरिस्टिका स्वॅम्प’ या नावाने स्वतंत्र प्रकार म्हणून जागा मिळाली. 2000 साली कर्नाटकात उत्तर कन्नडमधल्या काथलेकानला अशाच ओल्या रानात बिब्ब्याच्या भावकीतलं एक नवं झाड सापडलं. तेही मोजकंच उरलेलं.

खरा घोळ नावाचा आहे. वर्गीकरणातल्या ‘स्वॅम्प’चं मराठीत ‘दलदल’ झालं. दलदल म्हटलं की आपल्याला गाळ, डास आणि पडीक जमीन दिसते. राईत पाऊल टाकलं की दिसतं ते वेगळंच: दाट सावलीतून सरकणारं गोडं पाणी आणि त्यात तंबूच्या दोऱ्यांसारखी ताणलेली आधारमुळं. केरळ-कर्नाटकातल्या रायांत याच कुळातलं दुसरं एक झाड चिखलातून गुडघे वर काढल्यासारखी मुळं काढतं, हवा घ्यायला. कोकण-गोव्यात अशा जागेला ‘राई’ म्हणतात आणि देवाची असेल तर तिला कोयता लावत नाहीत. म्हणजे सरकारी शब्दाने जमीन निरुपयोगी ठरवली आणि गावच्या शब्दाने ती राखली. असं म्हणणं थोडं एकतर्फी आहे, कारण गावांनीही दऱ्यांतलं हेच पाणी वळवून भातखाचरं आणि सुपारीच्या बागा उभ्या केल्या. तरी मला ‘राई’च बरोबर वाटतो.

शब्दाचा मुद्दा झाडांच्या चुरशीशीही जोडलेला आहे: ‘दलदल’ म्हणून हिणवलेली ओलच या झाडांना राखते. बाराही महिने ओल्या जमिनीत उतारावरच्या बहुतेक झाडांची मुळं गुदमरतात. त्यामुळे इथे रानजायफळाला परक्यांचा त्रास कमी. झगडा घरातलाच: आईच्या सावलीत पडलेल्या बियांची रोपं एकमेकांशी उजेडासाठी भांडतात. काही बिया धनेश पक्षी दूर नेतो, त्यांच्यावरच्या तांबड्या जायपत्रीच्या मोहाने. कोरड्या उतारावर मात्र हीच जात मागे पडते. तिथे तिच्या मुळांची करामत कामाची नाही. वरच्या अंगाला झरा वळवला की राईतसुद्धा उताराचे नियम लागू होतात आणि बाहेरची झाडं आत शिरतात.

म्हणून बांबर्डेच्या सीमेचा प्रश्न. नोंदीनंतर दोन-तीन वर्षांतच 2.59 हेक्टरचा तुकडा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर झाला. घाई झाली असं कोणी म्हणणार नाही, पण क्षेत्र झाडं मोजून ठरवावं की पाणी कुठून येतं ते पाहून? माझं मत दुसऱ्या बाजूला. दोडामार्गात रबराच्या लागवडी वाढताहेत आणि पाणी सीमारेषा पाहून वाहत नाही.

रोपं करून लावू म्हणावं, तर बी साठवता येत नाही. सुकलं की मेलं. पिकलं फळ फुटताच ते ओल्या मातीत जायला हवं. त्यात झाडांत नर-मादी वेगळी, त्यामुळे नर झाडाखाली कितीही शोधलं तरी बी मिळत नाही.