मागचं चाक: कुठे आवळायचं, कुठे ढील द्यायची

ठाण्यात वर्तकनगरला आमच्या सोसायटीच्या पार्किंगमधे गेले तीन शनिवार बाबांची जुनी येझदी मोटरसायकल मागच्या चाकाशिवाय उभी होती आणि वॉचमन काका येता-जाता विचारायचे, "दादा, भंगारात देताय का?" देत नव्हतो, चाक परत जोडत होतो. रिम क्रोमला गेली होती, स्पोक नवीन आणले, बेअरिंग नवीन, ब्रेकचे लायनर नवीन, आणि सगळं आल्यावर एका जुन्या चादरीवर मांडलं तर असं वाटलं की ह्यात काय एवढं, नट-बोल्ट आवळले की झालं. तसं नाहीये. मागच्या चाकात अर्ध्या गोष्टी भरपूर ताणून ठेवायच्या असतात आणि अर्ध्या मुद्दाम ढिल्या, आणि कुठली कशी ठेवायची ह्याच्यामागे चांगलं शाळेतलं फिजिक्स आहे, फक्त शाळेत ते कोणी चाकावर शिकवत नाही.

ज्यांना गाडी माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. झेक डिझाइनची जावा १९६०च्या दशकात म्हैसूरला बनायला लागली, १९७०च्या दशकात तिचं नाव येझदी झालं, १९९६ला कारखाना बंद पडला. (जावा हे नाव यानेचेक आणि वांडरर ह्या दोन नावांची पहिली अक्षरं जोडून झालंय, आपल्याकडे निम्म्या लोकांना ते जावा बेटावरून वाटतं, मलाही वाटायचं.) दोन सायलेन्सर, टू-स्ट्रोक इंजिन, किक तीच गिअर. आणि चेन पूर्ण डब्यात बंद.

आता स्पोक. ह्या चाकात ३६ स्पोक आहेत, पेन्सिलपेक्षा बारीक. एक सुटा स्पोक जमिनीवर टेकवून वरून तळहाताने दाबा, लगेच वाकतो. मग असल्या तारांवर दोन माणसं, मागे बांधलेली बॅग आणि वर घोडबंदर रोडचे खड्डे कसे पेलले जातात? मला कायम वाटायचं की हब, म्हणजे चाकाचा मधला गोल भाग, वरच्या स्पोकांना लटकलेला असतो, झोपाळ्यासारखा. अगदीच चूक नाही, पण ताण मोजून बघितला की गंमत दिसते. चाकावर वजन आलं की वरच्या स्पोकांच्या ताणात फारसा फरक पडत नाही, फरक पडतो तो खालच्या, जमिनीजवळच्या चार-पाच स्पोकांमधे, त्यांचा ताण कमी होतो. म्हणजे खालचा स्पोक वजन उचलतो ते आपला ताण सोडून देऊन. सोडायला आधी जवळ ताण असायला लागतो, म्हणून चाक बांधतानाच सगळे स्पोक जबरदस्त ताणून ठेवतात. साध्या सायकलच्या चाकातसुद्धा एकेका स्पोकवर साधारण १०० किलो वजन टांगल्याइतका ताण असतो, ३६ स्पोक धरा, साडेतीन टनांच्या वर गेलं, आणि चाक तर रिकामंच भिंतीला टेकून उभंय! घोडबंदर रोडवर मेट्रोचे गर्डर चढताना बघितले असतील, त्या काँक्रीटच्या पोटात पोलादी केबल आधीच ताणून ठेवलेल्या असतात त्याचं कारण हेच. तिथे काँक्रीट ताण सहन करत नाही म्हणून ते आधीच दाबून ठेवलेलं, इथे तार दाब सहन करत नाही म्हणून ती आधीच ओढून ठेवलेली.

ह्यातून एक उलटी वाटणारी गोष्ट निघते. स्पोक तुटला की लोक म्हणतात जास्त आवळला होता. बहुतेक वेळा तो ढिला असतो म्हणून तुटतो. ढिला स्पोक चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला एकदा पूर्ण सैल पडतो आणि परत खेचला जातो, हबपाशी जिथे त्याला वाक दिलेला असतो तिथे हे लाखो वेळा होतं आणि धातू थकतो. तार हाताने पुढे-मागे वाकवून आपण तोडतो ना, तसंच, फक्त हळूहळू.

ताणलेल्या तारांचं चाक पहिल्यांदा सुचलं ते जॉर्ज केली ह्या इंग्रज माणसाला, १८०८ मधे, आणि तेही उडणाऱ्या यंत्राला हलकी चाकं हवी होती म्हणून. त्याचे स्पोक हबपासून सरळ बाहेर जाणारे होते. पण हबने चाकाला फिरवायचं असेल तर सरळ स्पोक उपयोगाचे नाहीत, हब आधी जागच्याजागी थोडा पिळला जातो आणि मग स्पोक ओढायला लागतात. १८७४ला जेम्स स्टार्लीने स्पोक तिरके, हबला स्पर्शून जाणारे लावले, एकमेकांना कैची मारून. आमच्या येझदीत तेच आहे, निम्मे स्पोक गाडी पळवताना खेचतात आणि निम्मे ब्रेक मारताना.

स्पोक भरायचं काम मी स्वतः केलं पण आउट काढायला, म्हणजे रिमचा वाकडेपणा काढायला, खोपटला एका काकांकडे गेलो, कारण ते कानाने काम करतात. चाक स्टँडवर फिरवायचं, रिमजवळ खडू धरायचा, जिथे खडू घासतो तिथे रिम त्या बाजूला बाहेर आलीय, मग त्या बाजूचा स्पोक पाव फेरा ढिला आणि समोरच्या बाजूचा पाव फेरा आवळायचा. हे झालं डोळ्याचं काम. मग ते स्क्रूड्रायव्हरने एकेका स्पोकला टिचकी मारत जातात, टिंग टिंग टिंग टुक. "हा बघ, हा झोपलाय." तंबोऱ्याची तार आणि स्पोक ह्यात फरक काहीच नाही, तारेचा ताण चौपट केला की सूर दुप्पट वर जातो, म्हणजे बरोबर एक सप्तक. त्यामुळे सूर थोडा जरी उतरला तरी ताण त्याच्या दुप्पट टक्क्यांनी उतरलेला असतो, सूर पाच टक्के खाली तर ताण दहा टक्के खाली. काकांना हे गणित माहीत नाही आणि त्यांचं काही अडत पण नाही.

मग हब आणि चेन सॉकेट (स्प्रॉकेट, चेन ज्यावर फिरते ते दातांचं चाक) ह्यांच्या मधले रबर. मेकॅनिक लोक कपलिंग रबर म्हणतात. चेनने ओढलेलं सॉकेट सरळ हबला बोल्टने पक्कं केलं तर चालणार नाही का? चालेल, थोडे दिवस. टू-स्ट्रोक इंजिनात क्रँकच्या प्रत्येक फेऱ्याला एक स्फोट होतो, ३००० आरपीएमला सेकंदाला ५० फेरे, म्हणजे इंजिन चेनला सलग ओढत नसतं, सेकंदाला ५० धक्के देत असतं. त्यात चेन स्वतः पण गुळगुळीत चालत नाही, कारण सॉकेट म्हणजे खरं तर गोल नाही, बहुकोन आहे. समजा पुढचं सॉकेट १८ दातांचं आहे, तर नुसत्या त्या बहुकोनामुळे चेनचा वेग प्रत्येक दाताला दीड टक्का वरखाली होतो. हे सगळे हिसके रबर खातं आणि त्याची थोडी उष्णता करून टाकतं. जुने रबर काढले तर दगड झाले होते, एकात नखसुद्धा रुतेना. नवीन बसवताना घट्ट जातात म्हणून ग्रीस लावायचा मोह होतो, तो टाळा, नैसर्गिक रबर तेलात फुगतं आणि पोचट होतं. साबणाचं पाणी लावा, काम झाल्यावर वाळून जातं. येझदीची एक गोष्ट मला फार आवडते, एक्सल, म्हणजे चाकाचा मधला दांडा, ओढून काढला की चाक बाहेर येतं आणि सॉकेट चेनसकट गाडीवरच राहतं, हात काळे न करता पंक्चर काढता येतं. परत घालताना मात्र हबचे खाचे त्या रबरांवर बरोबर बसवायला बायकोला टॉर्च धरायला लागला.

आता माझा घोळ. सगळं बसवलं, एक्सलचा नट आवळला, चाक फिरवलं तर फिरेचना! नट सैल केला की छान फिरतं, आवळला की जाम. तासभर मी ब्रेकला शिव्या घातल्या. मग चादर आवरताना खाली एक पाइपचा तुकडा सापडला, दोन बेअरिंगच्या मधे बसणारी कॉलर. ती दिसायला इतकी फालतू आहे की भंगारात गेली असती. पण नट आवळला की एक्सलवरचा सगळा दाब बेअरिंगच्या आतल्या रिंगांवर येतो, मधे कॉलर असेल तर तो दाब रिंगमधून कॉलरमधे, कॉलरमधून पलीकडच्या रिंगमधे असा सरळ निघून जातो आणि बेअरिंगचे गोळे मोकळे राहतात. कॉलर नसेल तर दोन्ही आतल्या रिंगा एकमेकींकडे ढकलल्या जातात, बाहेरच्या रिंगा हबमधे जागेवर बसलेल्या, आणि मधे गोळे चिरडतात. तसंच गाडी चालवली असती तर नवीन बेअरिंग गायमुखच्या पुढे गेले नसते.

हा नट इतका कचकचून का आवळायचा हेही सांगतो. पोलादी एक्सल आवळल्यावर केसभर का होईना लांब होतो, म्हणजे ती एक कडक स्प्रिंगच आहे. त्या स्प्रिंगच्या दाबाने चिमट्याची (मागचं चाक धरणाऱ्या दोन दांड्यांची) दोन्ही टोकं, वायसर, कॉलर सगळं एक ठोकळा झाल्यासारखं धरलं जातं. नुसता हाताने फिरवून ठेवलेला नट थरथरीने सुटतो कारण तिथे ताणच नसतो. आणि तो पूर्ण आवळायच्या आधी एक छोटं काम, कोणाला तरी ब्रेकचं पॅडल दाबून धरायला सांगा आणि मग नट आवळा. ब्रेकचे दोन शू (लायनर लावलेल्या कमानी) ड्रमला, म्हणजे हबच्या आतल्या गोल भिंतीला, टेकून स्वतःच मधोमध येतात, नाहीतर एकच शू घासत राहतो.

ब्रेकमधे पण एक मजा आहे. शू दोन असतात, पण काम सारखं करत नाहीत. एका बाजूला कॅम, म्हणजे पॅडल दाबल्यावर वळणारा तुकडा, शूला बाहेर ढकलतो आणि ड्रम फिरताना कॅमकडून पिनकडे, म्हणजे शूच्या अडकवलेल्या टोकाकडे, जातो, घर्षण त्या शूला आणखी ड्रममधे ओढून घेतं, म्हणजे पायाने लावलेला जोर फुकटात वाढतो. दुसऱ्या शूला तेच घर्षण आत लोटतं. गाडी चढावर मागे सरकायला लागली की दोघांच्या भूमिका बदलतात, म्हणून येऊरच्या चढावर थांबलं तरी मागचा ब्रेक धरतो. ब्रेक लागला की शूची प्लेट पण चाकाबरोबर फिरायला बघते, ती गाडीशी अडकवून ठेवायची जी काही सोय तुमच्या गाडीला असेल ती विसरू नका. बाकी सगळं विसरलात तर गाडी आवाज करेल, हे विसरलात तर चाक लॉक होईल. आणि जुन्या लायनरमधे ॲस्बेस्टॉस असू शकतं, ड्रममधली धूळ फुंकर मारून उडवायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची.

चेन म्हणजे ढील द्यायची जागा. चिमटा जिथे सांध्यावर हलतो तो बिंदू आणि गिअरबॉक्सचं सॉकेट एका जागी नसतात, त्यामुळे चाक वरखाली होताना दोन सॉकेटमधलं अंतर बदलत राहतं. गिअरबॉक्सचं सॉकेट, सांधा आणि एक्सल एका रेषेत आले की ते सगळ्यात जास्त. गाडी रिकामी स्टँडवर असताना चेन टाइट केली की दोन माणसं बसल्यावर ती तारेसारखी होणार आणि गिअरबॉक्सचं बेअरिंग खाणार. म्हणून दोन-तीन सेंटिमीटर खेळ ठेवायचा. आणि चेन "ताणली" म्हणतो ना आपण, ती रबरासारखी ताणत नाही, पिना झिजतात. १२० कड्या, प्रत्येकीत दोन शतांश मिलिमीटर झीज, झाली चेन जवळजवळ अडीच मिलिमीटर लांब. चेन लॉक (चेनची दोन टोकं जोडणारी क्लिप) लावताना त्याचं बंद तोंड चेन जाते त्या दिशेला. चाक सरळ बसलंय का ते बघायला महाग काही लागत नाही, एक लांब दोरी मागच्या टायरला टेकवून पुढच्या टायरपर्यंत ओढायची, दोन्ही बाजूंनी.

काल संध्याकाळी पाऊस थांबल्यावर येऊरच्या गेटपर्यंत जाऊन आलो, मग घोडबंदरला एक चक्कर, एकूण साठेक किलोमीटर. खोपटच्या काकांनी बजावलं होतं की नवीन स्पोक पहिल्या काही किलोमीटरमधे आपापल्या जागी बसतात, परत ऐकून घे. पार्किंगमधे स्टँडवर लावून स्क्रूड्रायव्हर फिरवला, ३३ टिंग आणि ३ टुक, तिन्ही सॉकेटच्या बाजूचे. पाव-पाव फेरा दिला. वॉचमन काका बाजूला उभे होते, त्यांनी स्क्रूड्रायव्हर मागून घेतला आणि उरलेले सगळे स्वतः वाजवून बघितले.