डायल-अप इंटरनेट (ठाणे आणि नवी मुंबई)

घरच्या लँडलाइनला मॉडेम (कॉम्प्युटरचा डेटा फोनवरच्या आवाजात बदलणारं यंत्र) जोडून, इंटरनेट कंपनीचा नंबर फिरवून इंटरनेट घ्यायची पद्धत. या भागात तिचा काळ ढोबळमानाने 1995 ते 2005 धरायला हरकत नाही, पुढेही काही वर्षं ती चालू होती पण नाइलाज म्हणून. 'नेट स्लो आहे' आणि 'नेट लागतच नाही' या दोन तक्रारी या नोंदीत मुद्दाम वेगळ्या ठेवल्यात, लोकांनी त्या काळात दोन्ही एकाच खात्यावर टाकल्या आणि शिव्या बहुतेक टेलिफोनवाल्यांनी खाल्ल्या.

सुरुवात नक्की कधीची यावर एकमत नाही. बहुतेक ठिकाणी 15 ऑगस्ट 1995 ही तारीख असते, त्या दिवशी विदेश संचार निगमने (व्हीएसएनएल) मुंबईसकट काही मोठ्या शहरांत सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा खुली केली. काही जण मात्र अर्नेटपासून (शिक्षण-संशोधन संस्थांचं सरकारी जाळं) मोजतात, म्हणजे 1986 पासून. जुहूच्या एनसीएसटी (सॉफ्टवेअर संशोधनाची सरकारी संस्था) आणि पवईच्या आयआयटीत 1986-87 च्या सुमारास फोनच्या लाइनवरून ईमेलची देवाणघेवाण चालू झाली होती (हीच एनसीएसटी पुढे सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेत विलीन झाली आणि खारघरला तिचं केंद्र आहे, त्यामुळे नवी मुंबईकर हा मान आपल्याकडे ओढतात, पण 1986 ला ती जुहूला होती हे विसरून चालणार नाही). तिसरं मत बीबीएसवाल्यांचं (बुलेटिन बोर्ड सिस्टिम), हौशी मंडळी मॉडेमने एकमेकांच्या कॉम्प्युटरवर फाइली ठेवायची, पण ते इंटरनेट नव्हे, डायल-अप मात्र नक्की. आमचा कल 1995 कडे आहे, फक्त ती तारीख फोर्टमधल्या व्हीएसएनएलच्या यंत्रांची आहे एवढं लक्षात ठेवावं. त्या सुरुवातीच्या सेवेत विद्यार्थ्यांचं 500 रुपयांचं खातं होतं, त्यावर काळ्या पडद्यावर नुसती अक्षरं यायची, चित्रं नाहीत. नौपाड्यातल्या किंवा वाशीतल्या मध्यमवर्गीय घरात नेट खऱ्या अर्थाने शिरलं ते नोव्हेंबर 1998 नंतर, खासगी कंपन्यांना परवानगी मिळून सत्यम इन्फोवे वगैरे बाजारात उतरल्यावर आणि तासांची पॅकेटं दुकानात मिळायला लागल्यावर.

हद्दीचा मुद्दा बाहेरच्यांना पटकन कळत नाही. एमटीएनएल ही सरकारी टेलिफोन कंपनी 1 एप्रिल 1986 ला आली आणि मुंबईबरोबर ठाणे आणि नवी मुंबई तिच्याकडे गेली, म्हणून ठाण्याहून फोर्टला लावलेला कॉल लोकल. कल्याण-डोंबिवलीला कोड 0251, आधी दूरसंचार खातं आणि 1 ऑक्टोबर 2000 पासून बीएसएनएल ही दुसरी सरकारी कंपनी. लोकलने अर्ध्या तासाचं अंतर, पण तक्रारीचं ऑफिस वेगळं, बिल वेगळं, नशीबही वेगळं.

वेगाचं गणित जरा सविस्तर द्यायला हवं, कारण इथेच सगळ्यात जास्त गैरसमज आहेत. टेलिफोनची लाइन बोलण्यासाठी टाकलेली, साधारण 300 ते 3400 हर्ट्झमधलाच आवाज ती पुढे नेते. डिजिटल एक्स्चेंजमध्ये त्या आवाजाचे सेकंदाला 8000 नमुने घेतात आणि प्रत्येक नमुन्याचे 8 बिट होतात, म्हणजे अख्खा रस्ताच सेकंदाला 64 किलोबिटचा, त्याच्यावर कुठलाही मॉडेम जाऊ शकत नाही. मॉडेमच्या व्ही.34 या मानकाने 1994 ला 28.8 आणि 1996 ला 33.6 किलोबिटपर्यंत मजल मारली. 1997 मध्ये 56 के चे एकमेकांशी न जुळणारे दोन प्रकार आले, एक्स2 आणि के56फ्लेक्स, आणि 1998 मध्ये व्ही.90 ने हा घोळ मिटवला. पण व्ही.90 ची अट अशी की कंपनीकडचा मॉडेम डिजिटल लाइनवर असला पाहिजे आणि तिथून घरापर्यंत सिग्नल डिजिटलचा अ‍ॅनालॉग एकदाच व्हायला हवा. मधे कुठे दुसऱ्यांदा झाला की 33.6 किंवा त्याच्याही खाली. शिवाय 56 हे फक्त उतरवून घेण्यासाठी, वर पाठवायला 33.6 च. लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून 56 के लिहिलेला खोका आणणाऱ्याला हे कोणी सांगत नसे. विंडोजमध्ये कोपऱ्यातल्या दोन कॉम्प्युटरांच्या चित्रावर माऊस नेला की काहींना 115200 असा आकडा दिसायचा आणि ते खूश व्हायचे, तो आकडा कॉम्प्युटर आणि मॉडेममधल्या केबलचा, बाहेरच्या लाइनशी त्याचा काही संबंध नाही.

प्रत्यक्षात 28.8 मिळालं असं धरलं तर 128 किलोबिटचं चार मिनिटांचं एमपीथ्री गाणं उतरायला जवळपास 18 मिनिटं, तेही मधे न तुटता. लोकल कॉलचा पल्स (एका कॉलच्या पैशांत मिळणारा वेळ) 3 मिनिटांचा झाल्यावर हेच गाणं म्हणजे बिलात 6 कॉल, आणि इंटरनेट कंपनीचे तास जातात ते वेगळेच. मीटर पडतो पलीकडच्या मॉडेमने उचललं की, म्हणजे नंतर किंचाळ्या मारून दोघांचं जमलं नाही किंवा पासवर्ड चुकून एरर 691 आला तरी कॉल लागला तो लागला. महिनाअखेरीला बिलावरून घराघरांत जी भांडणं झाली त्यांचं मूळ बऱ्याचदा असल्या वाया गेलेल्या कॉलमध्ये होतं, गेम किंवा चॅटिंगमध्ये नव्हे.

त्या किंचाळ्यांबद्दल थोडं. उचलल्याबरोबर पलीकडचा मॉडेम 2100 हर्ट्झचा लांब सूर देतो, त्याने लाइनवरची प्रतिध्वनी मारणारी यंत्रं बंद पडतात, मग दोघं मॉडेम आळीपाळीने लाइन तपासतात आणि शेवटची ती खर्रर्र सुरू होते. ती दोन-दोनदा पहिल्यापासून सुरू झाली तर समजायचं की लाइन खराब आहे आणि मॉडेम वेग खाली उतरवतोय. रात्री घरच्यांची झोपमोड नको म्हणून जाणकार सेटिंगमध्ये एटीएम0 ही मॉडेमची आज्ञा घालून आवाज बंद करायचे, आणि आपल्याकडची डायल टोन मॉडेमला ओळखता येत नसेल, फोन चालू असूनही एरर 680 येत असेल, तर टोनची वाट न पाहता नंबर फिरवायला एटीएक्स3.

आता तक्रारींकडे. 'स्लो' ही तक्रार मुख्यतः तांब्याच्या तारेची. बिल्डिंगच्या भिंतीवर डीपीचा, म्हणजे घरोघरच्या फोनच्या तारा जिथून फुटतात तो पत्र्याचा डबा, झाकण गेलेलं, आत स्क्रूंवर हिरवा थर चढलेला, एका खणात मुंग्या, आणि तिथून घरापर्यंत गच्चीवरून लोंबत आलेली वायर. बोलायला हे चालून जातं, जरा मोठ्याने बोललं की झालं, मॉडेमला ओरडून बोलता येत नाही. जूनमध्ये केबलच्या जॉइंटमध्ये पाणी गेलं की खरखर सुरू, आणि खाडीलगतच्या भरावावरच्या सेक्टरांत ते पाणी लवकर उतरतही नाही. घरातला समांतर फोन कोणी उचलला की कनेक्शन तुटणार आणि कॉल वेटिंगची टूं टूं आली तरी तेच.

'लागत नाही' ही तक्रार मात्र वेगळी. इंटरनेट कंपनीकडे फोनच्या डिजिटल लाइनी येतात त्यातल्या एकेका लाइनवर (तिला ई1 म्हणतात) 30 कॉल मावतात, 31 व्याला एंगेज. कंपनीने गिऱ्हाइकं भरमसाट घेतली आणि लाइनी तेवढ्याच ठेवल्या की रात्री जेवणं आटपून सगळे बसले की नंबर लागणारच नाही, यात टेलिफोन कंपनीचा दोष थोडा. पण 198 वर तक्रार नोंदवली की लाइनमन यायचा, टेस्टिंगचा हँडसेट लावायचा, 'टोन आहे ना साहेब, मग फोन चालू आहे' म्हणून सही घेऊन जायचा. इंटरनेट कंपनीला फोन केला तर ते म्हणायचे आधी तुमची लाइन चेक करून घ्या. दोघंही आपापल्या जागी खरं बोलत होते ही त्यातली गोम, कारण लाइनची जी काही कसोटी होती ती बोलण्याची होती, डेटाची नव्हती. 1999 च्या सुमारास एमटीएनएलही इंटरनेट द्यायला लागल्यावर हा चेंडू दुसऱ्याच्या अंगणात टाकायची सोय निदान काही गिऱ्हाइकांपुरती कमी व्हायला हवी होती, फार झाली असं दिसत नाही. आमच्या मते वेगाचा दोष बराचसा तारेचा आणि न लागण्याचा बराचसा इंटरनेट कंपनीकडच्या लाइनींच्या तुटवड्याचा. सगळं खापर एकावर फोडणारी मतं दोन्ही बाजूंची असली तरी टिकत नाहीत.

स्टेशनजवळच्या आणि वाशी सेक्टर 17 मधल्या सायबर कॅफेंत एकेक डायल-अप पाच-सहा कॉम्प्युटरांवर वाटून दिलेली असायची, काहींकडे आयएसडीएन, म्हणजे डिजिटल फोन लाइन.

2004 च्या ब्रॉडबँड धोरणाने किमान 256 किलोबिटची व्याख्या केली आणि 2005 मध्ये एमटीएनएलचं ट्रायबँड आलं. ते त्याच तांब्याच्या जोडीवरून यायचं, फक्त बोलण्याच्या वरच्या, साधारण 25 किलोहर्ट्झपासून 1.1 मेगाहर्ट्झपर्यंतच्या पट्ट्यात, म्हणून फोन आणि नेट एकदम चालायला लागले आणि नेटचे पल्स संपले. डीपीचा डबा तोच राहिल्यामुळे पावसाळ्यातल्या तक्रारीही राहिल्या, वर स्प्लिटर (फोन आणि नेटचा सिग्नल वेगळा करणारी डबी) न लावता दुसरा फोन जोडला की नेट तुटतं आणि फोनमध्ये सूं सूं येते ही एक नवीन भर पडली.