बघे

अपघाताच्या बातमीत एक वाक्य ठरलेलं असतं: 'घटनास्थळी बघ्यांची मोठी गर्दी झाली होती.' बातमीदार ते सवयीने लिहितो, आपण सवयीने वाचतो. धुळे-सोलापूर महामार्गावर, गेवराई-बीडच्या पट्ट्यात, या गर्दीतले निम्मे हात आता मोबाइल धरून असतात. मग टपरीवर चहाबरोबर निकाल लागतो, माणुसकी राहिली नाही. मराठवाड्यात त्याला एक शेपूटही जोडलेलं असतं. आपली माणसंच तशी, सोसणारी, उठायला वेळ लावणारी. मोगलाई अंगातून गेली नाही अजून. निजामाची राजवट १९४८ च्या सप्टेंबरात संपली, शब्द मात्र अजून कामाला आहे.

माणूस वेळेवर का हलत नाही, याचं सगळ्यात जुनं उत्तर हेच: त्याचा स्वभाव. गेल्या साठेक वर्षांत मानसशास्त्राने या उत्तराला बरेच धक्के दिले. काही धक्के स्वतःच कच्चे निघाले, तेही सांगायला हवं.

पण सुरुवात पैठणपासून करतो. नाथांची आख्यायिका आपल्याकडे लहानपणीच कानावर पडते. काशीहून गंगेच्या कावडी घेऊन मंडळी रामेश्वराला निघालेली, वाटेत तापल्या वाळूत एक गाढव तहानेने तडफडतंय, आणि एकनाथ आपल्या कावडीतलं पाणी त्याच्या तोंडात ओततात. कीर्तनात सगळा प्रकाश नाथांवर असतो. मला कुतूहल वाटतं ते बाकीच्या यात्रेकरूंचं. ते काही निर्दयी नव्हते, उलट पुण्य जोडायलाच निघाले होते. खांद्यावर कावड होती आणि पुढे रामेश्वर होतं, एवढंच.

१९७३ साली जॉन डार्ली आणि डॅनियल बॅटसन यांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला, तो जवळजवळ याच प्रसंगाचा आहे. अमेरिकेत प्रिन्स्टनला धर्मगुरू होण्यासाठी शिकणारे विद्यार्थी होते. त्यांना शेजारच्या इमारतीत जाऊन छोटं भाषण द्यायचं होतं, आणि वाटेत दारापाशी एक माणूस वाकून कण्हत बसवलेला. काहींना भाषणाचा विषयच बायबलमधल्या त्या परक्याचा दिला होता, जो वाटेत पडलेल्या जखमीसाठी थांबतो. विषयाने फारसा फरक पडला नाही, घाईने पडला. हाताशी वेळ होता त्यांच्यातले ६३ टक्के मदतीला थांबले; 'उशीर झालाय, निघा' असं ज्यांना सांगितलं होतं त्यांच्यातले १० टक्के. काही जण तर मदतीच्या कथेवर बोलायला जाताना त्या माणसाला ओलांडून गेले.

या सगळ्या संशोधनाला तोंड फुटलं ते १९६४ मध्ये. १३ मार्चच्या पहाटे न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात किटी जेनोव्हीज या तरुणीचा खून झाला. दोन आठवड्यांनी 'न्यूयॉर्क टाइम्स'ने पहिल्या पानावर छापलं की अडतीस जण पाहत होते आणि कोणीही पोलिसांना कळवलं नाही. शहरी माणूस कसा दगड झालाय यावर अग्रलेखांचा पूर आला. पुढे तपासणाऱ्यांना ती बातमी फुगवलेली आढळली. सगळा प्रकार डोळ्यांनी पाहिलेले अडतीस जण नव्हतेच. बहुतेकांनी फक्त काहीतरी आवाज ऐकला होता. एकाने खिडकीतून ओरडून हल्लेखोराला पळवलं होतं, आणि शेवटी एक शेजारीण खाली धावत जाऊन तिला कवेत घेऊन बसली होती. बातमी चुकली, पण तिच्यातून निघालेला प्रश्न चांगला होता.

तो प्रश्न डार्ली आणि बिब लाटाने यांनी प्रयोगशाळेत नेला. १९६८ सालचा त्यांचा प्रयोग असा: विद्यार्थी वेगवेगळ्या खोल्यांत बसून इंटरकॉमवर बोलतायत, आणि अचानक एकाला फेफऱ्याचा झटका येतो. आवाज अर्थातच आधी टेप केलेला. आपण एकटेच ऐकतोय असं वाटलं तेव्हा झटका थांबायच्या आत ८५ टक्के जण उठले. आणखी एक जण ऐकतोय म्हटल्यावर ६२ टक्के, आणखी चौघे ऐकतायत म्हटल्यावर ३१ टक्के. एकराच्या वाटण्या होत होत वाट्याला गुंठे यावेत, तशी जबाबदारी वाटली गेली. यातला सगळ्यात मोलाचा तपशील सहसा कोणी सांगत नाही. जे उठले नाहीत ते थंड नव्हते. त्यांचे हात थरथरत होते, तळव्यांना घाम होता, आणि खोलीत कोणी आलं की पहिला प्रश्न, 'तो बरा आहे ना?'

मग स्वभावाचं उत्तर बाजूला पडून गर्दीचं उत्तर आलं, आणि तेही गरजेपेक्षा जास्त ताणलं गेलं. २०१९ मध्ये ॲमस्टरडॅम, लँकेस्टर आणि केपटाऊन इथल्या रस्त्यांवरच्या २१९ भांडणांचं कॅमेऱ्यातलं चित्रण तपासलं गेलं, तेव्हा दहापैकी नऊ प्रसंगांत बघ्यांपैकी कोणी ना कोणी मध्ये पडलेलं दिसलं. माणसं जास्त, तेवढी कोणीतरी पुढे होण्याची शक्यताही जास्त.

हे वाचून मराठवाड्यातल्या माणसाला किल्लारीचा भूकंप आठवणारच. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं, अनंत चतुर्दशीचं विसर्जन आटोपून गावं नुकती झोपलेली. लातूर-उस्मानाबादच्या त्या पट्ट्यात जवळपास दहा हजार माणसं गेली. सरकारी यंत्रणा पोचण्याआधी ढिगारे उपसणारे पहिले हात वाचलेल्यांचे आणि शेजारच्या गावांचे होते. तिथे कोणी कोणाची वाट पाहिली नाही. आणि त्यानंतरच्या दिवसांत याच मुलखातले रस्ते बघ्यांच्या गाड्यांनी अडले होते, हेही खरं. माणसं तीच.

किल्लारीची दुसरी बाजू आधीच्या वर्षाची आहे. १९९२ मध्येही तिथे धक्के बसले होते. लोक घाबरून उघड्यावर झोपले, काही झालं नाही, आणि हळूहळू सगळे दगडमातीच्या जाड भिंतींत, माळवदाखाली परतले. याला निष्काळजीपणा म्हणवत नाही. उन्हाळ्यात गारवा देणारं, बापजाद्याने बांधलेलं घर सोडून जायचं कुठे आणि कशाच्या जोरावर?

'कशाच्या जोरावर' या प्रश्नाचा शोध वेगळ्या वाटेने चालला होता. १९६७ मध्ये मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर यांना दिसलं की ज्या कुत्र्यांनी आधी न टाळता येणारे विजेचे झटके सोसले, त्यांतले बरेच जण पुढे नुसती छोटी आडभिंत ओलांडून सुटता येत असतानाही पडून राहिले. यावरून 'शिकलेली असहायता' ही कल्पना आली, आणि दुष्काळाच्या चर्चेत शेतकऱ्याच्या मानसिकतेवर बोलणाऱ्यांना ती आयती सापडली. गंमत म्हणजे २०१६ मध्ये त्या दोघांनीच आपलं म्हणणं उलटं केलं. लांबलेल्या त्रासापुढे पडून राहणं हे शिकावं लागत नाही, मेंदूची ती पहिली प्रतिक्रियाच असते. शिकावं लागतं ते 'यातलं काही माझ्या हातात आहे' हे. भूकंपानंतरच्या दुरुस्ती कार्यक्रमात महिला मंडळांतल्या बायकांना 'संवाद सहायक' नेमलं होतं. घर कसं मजबूत करायचं हे समजून घेऊन गावाला सांगणं हे त्यांचं काम. त्याकडे मी याच नजरेने पाहतो.

उसाच्या पट्ट्यात आणखी एक अभ्यास सांगावासा वाटतो. तमिळनाडूतल्या ४६४ ऊस उत्पादकांची कोड्यांची चाचणी तोडणीआधी आणि तोडणीनंतर घेतली गेली. निष्कर्ष २०१३ मध्ये छापून आले. हात रिकामा असताना तोच शेतकरी कमी पडला, पैसा आल्यावर सुधारला. आकडेमोडीवर आक्षेप आले, पण बिलाची वाट पाहणाऱ्या घरात कर्जाचा कागद न उघडता का पडून राहतो, हे इथे कोणाला समजावून सांगावं लागत नाही.

आपल्या रस्त्यांवरच्या बघ्यांचं मात्र एक कारण कुठल्याच प्रयोगशाळेत सापडणार नाही. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये. जखमीला दवाखान्यात नेलं की जबाब, पंचनामा, मग साक्षीच्या तारखा. 'कशाला लचांड गळ्यात घेता?' हा सल्ला अनुभवातून आलेला आहे. सर्वोच्च न्यायालयाने ३० मार्च २०१६ रोजी मदत करणाऱ्याला संरक्षण देणाऱ्या मार्गदर्शक सूचनांना मान्यता दिली, आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आलं. मदत करणाऱ्यावर दिवाणी-फौजदारी जबाबदारी येत नाही, नाव सांगण्याची सक्ती नाही. टपरीवर हे सांगितलं की लोक ऐकून घेतात आणि हसतात.

मागच्या उन्हाळ्यात एका फाट्यावर दुचाकी घसरली. वीसेक जण गोल करून उभे, मीही त्यांत. टपरीवाला हातातली किटली तशीच घेऊन बाहेर आला आणि ओरडला, ''नुसते काय बघायलेत? ओ पांढरं शर्ट, तुम्ही १०८ लावा. ए बापू, पाणी आण. आणि चष्मेवाले, तुम्ही ती गाडी बाजूला घ्या.''

चष्मेवाला मी होतो. गाडी बाजूला घेतली.