पत्र्यावरची रेघ

पुण्यात व्हिंटेज गाड्यांची रॅली निघाली की रस्त्याच्या कडेला एक वाक्य हमखास कानावर पडतं: "काय पॉलिश मारलंय राव!" सगळं श्रेय पॉलिशवाल्याला. पण पॉलिश गोदरेजच्या कपाटालाही मारता येतं आणि कपाटाभोवती कोणी गर्दी करत नाही. जुन्या गाडीवर नजर खिळते ती पत्र्याच्या वळणामुळे. चकाकी फक्त ते वळण दाखवायचं काम करते.

आपतन कोन आणि परावर्तन कोन समान असतात, हे शाळेत सगळ्यांनी घोकलेलं असतं. त्यातून निघणारी गंमत मात्र फारशी कोणी सांगत नाही. आरसा १ अंशाने कलला की परावर्तित किरण २ अंशांनी वळतो, म्हणजे चूक दुप्पट होऊन दिसते. फेंडरवर, म्हणजे चाकावरच्या पत्र्यावर, ३ सेंटिमीटर लांबीत पत्रा अर्धा मिलिमीटर उतरला, तर उतार होतो साधारण १ अंशाचा. समोर ३ मीटरवर ट्यूबलाइट असेल, तर त्या जागी डोळ्याला ट्यूबच्या जागेपासून सुमारे १० सेंटिमीटर बाजूचा भाग दिसतो. अर्ध्या मिलिमीटरचे १० सेंटिमीटर झाले!

आपल्याकडचा जाणता डेंटर हा हिशोब न मांडता रोज वापरतो. प्रायमर (रंगाआधीचा थर) मारलेला पत्रा चमकत नाही, म्हणून तो त्यावर ओलं फडकं फिरवतो, पाण्याचा थर असेपर्यंत डोकं खाली घालून तिरका बघतो आणि म्हणतो, "ट्यूब इथं वाकतीय बघा." मग पुढून हातोडी आणि पत्र्यामागे डॉली, म्हणजे हातात धरायचा लोखंडी ठोकळा. जास्त ठोकलं तर पत्रा पसरतो आणि फुगतो. मग तेवढाच ठिपका गॅसने लाल करून ओल्या फडक्याने झटकन गार करायचा, की तो आखडतो. हे कसब मला रंगावर चढवायच्या कुठल्याही सिरॅमिक कोटिंगपेक्षा मोठं वाटतं. त्या कोटिंगच्या जाहिरातीतलं '९एच' वाचून लोकांना ते हिऱ्याच्या खालोखाल कठीण वाटतं. प्रत्यक्षात ती पेन्सिलींच्या कठीणपणाची मोजपट्टी आहे. हिऱ्याला १० गुण देणारी, खनिजांच्या कठीणपणाची मोह्स मोजपट्टी वेगळी. बंपरला लटकवलेल्या लिंबू-मिरचीइतकंच त्या आकड्यात तथ्य आहे, फक्त लिंबू-मिरची पुष्कळ स्वस्त पडते.

आता माझा लाडका भाग. एक सरळ रेषा घ्या आणि तिला वर्तुळाचा कंस अगदी नीट चिकटवा. सांध्यावर टोक नाही, उतारही दोन्हीकडे सारखाच. बोट फिरवलं तर काही लागणार नाही. तरीही या आकाराचा पत्रा बेंगरूळ दिसतो. कारण प्रतिबिंब कुठे पडेल हे उतारावर ठरतं, पण प्रतिबिंबाची रेघ पुढे कुठल्या दिशेने जाईल हे तो उतार किती वेगाने बदलतो, म्हणजे वक्रतेवर ठरतं. सरळ भागात वक्रता शून्य, कंसावर एकदम १ भागिले त्रिज्या. ही उडी पत्र्यात दिसत नाही, पण प्रतिबिंबाच्या रेघेत तिथेच कोपरा येतो. कलनशास्त्राच्या भाषेत, पत्र्याचं दुसरं अवकलज तुटलं की रेघेचं पहिलं अवकलज तुटतं. रेल्वेमार्ग सरळ भागातून वळणात नेताना मध्ये वक्रता हळूहळू वाढवणारा ट्रांझिशन कर्व्ह घालतात, तो हीच उडी टाळायला.

मग संगणक नसताना जुन्या आरेखकांना हे जमायचं कसं? एक उत्तर लाकडाच्या लवचीक पट्टीत आहे. पट्टी ठरावीक बिंदूंवर वजनांनी दाबून धरायची आणि तिच्या कडेने रेघ मारायची. पट्टीला वाकवणारा जो परिणाम अभियंते बेंडिंग मोमेंट म्हणून मोजतात, तो वजनाच्या जागी वाढीचा दर बदलतो, पण स्वतः उडी मारत नाही; आणि पट्टीची वक्रता त्याच्याच प्रमाणात असते. म्हणजे वक्रता सलग राखायचं काम लाकूड स्वतःच करतं! पुढे फ्रान्समधल्या मोटार कंपन्यांत, सित्रोएनच्या पॉल द कास्तेलजोने १९५९पासून आणि रेनोच्या पिएर बेझिएने १९६०च्या दशकात हेच वळण सूत्रांत बसवलं. सित्रोएनने काम गुप्त ठेवलं, म्हणून वक्राला नाव पडलं बेझिएचं. तुम्ही आत्ता पडद्यावर जी अक्षरं वाचताय, त्यांच्या कडा याच वक्रांनी आखलेल्या असतात.

गाडी ही कला आहे का, यावर न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने १९५१ साली आठ गाड्या मांडून उत्तर दिलं होतं. त्यातली इटलीच्या पिनिन फारिनाने आरेखलेली सिसिटालिया २०२, हातोडीने घडवलेल्या ॲल्युमिनियमची, १९७२मध्ये त्यांच्या कायमच्या संग्रहात गेली. १९९६मध्ये जॅग्वार ई-टाइप गेली. तिचा आकार काढणारा मॅल्कम सेयर मूळचा विमान कंपनीतला, वळणं आकडेमोडीने काढणारा माणूस.

आपल्याकडे २०२१च्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या, मूळ रूपात राखलेल्या गाडीची 'व्हिंटेज' म्हणून नोंदणी होते. पण कागद झाले म्हणजे पत्रा मूळचा आहे असं नाही. रॅलीत हेडलाइटच्या उंचीला बसा, गाडीच्या बाजूने मागून पुढे नजर टाका आणि गाडी न बघता तिच्यात दिसणाऱ्या विजेच्या तारा बघा. डोकं सावकाश वर-खाली करा. दारावरून फेंडरवर जाताना तार विनाकारण थरथरली, तर आत खड्डे बुजवायची पुट्टी जाड असण्याची शक्यता बरीच. 'गाडीला हात लावू नये' ही पाटी बघून वाईट वाटून घेऊ नका. वक्रतेतली उडी बोटांना लागत नाहीच. खिशातलं चुंबक मात्र मालकाला विचारूनच काढा, तेही फडक्यात गुंडाळून. जाड पुट्टीवर ते धरत नाही. ॲल्युमिनियमवरही धरत नाही, तेव्हा मालकाशी वाद घालण्याआधी पत्रा कशाचा आहे ते विचारून घ्या.