कार्डाचे जीबी आणि गेमचा वेग

“ग्राफिक्स कार्डावर जितके जीबी जास्त, तितका गेम वेगात,” हा मेसेज वर्षानुवर्षे फिरतोय. जीबी म्हणजे कार्डाची मेमरी, गेमचं सामान ठेवायची जागा. राबतात ते कोर, म्हणजे चित्राची आकडेमोड करणारे चिपमधले छोटे भाग. 4 जीबीच्या जीटी 730 या कार्डात जास्तीत जास्त 384 कोर, तेवढ्याच जीबीच्या जीटीएक्स 1650 मध्ये 896. जागा कमी पडली की गेम अडखळतो, हेही खरं. गैरसमज तिथूनच आला असावा.

यवतमाळ असो की गडचिरोली, तालुक्याच्या दुकानात तयार पीसी घेताना जीपीयू-झेड हे कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर उघडायला लावा. ‘बँडविड्थ’ची, म्हणजे मेमरीतून सेकंदाला किती डेटा ये-जा करतो त्याची ओळ बघा: डीडीआर3 या मेमरीवाल्या 730 ला सेकंदाला 30 जीबीच्या आत, जीडीडीआर5 या वेगवान मेमरीवाल्या 1650 ला 128.

कार्ड बदलायचं तर आधी एसएमपीएस, म्हणजे पीसीला वीज पुरवणारा डबा तपासा. कार्ड बसतं त्या मदरबोर्डच्या स्लॉटमधून 75 वॅटच मिळतात. एसएमपीएसला कार्डाला जादा वीज देणारी 6 पिनची वायर नसेल तर तेवढ्यात भागणारंच कार्ड घ्या.