टू-स्ट्रोक डर्ट बाइकची रेस अडकते तेव्हा

पावसाळा उतरला की मुळशी-ताम्हिणीकडून तांबड्या चिखलाने माखलेल्या गाड्या आमच्याकडे येऊ लागतात. उन्हाळ्यात सासवड, शिरूरकडून येणाऱ्या गाड्यांवर पिठासारख्या धुळीचा थर असतो. तक्रार मात्र दोन्ही वेळा तीच: "मूठ सोडली तरी रेस खाली येत नाही." वरून केबलवर तेल मारून चार दिवस काढलेले असतात. हे पत्रक त्यासाठीच लिहिलं आहे. तेल मारण्याआधी दोष नेमका कुठे आहे ते पाहा. घरच्या घरी दहा मिनिटांत कळतं.

आधी जिवाचं. चालत्या गाडीची रेस अडकली तर अंगठ्याने किल स्विच (हँडलवरचं इंजिन बंद करायचं बटण) दाबा, त्याच वेळी क्लच दाबा, मग दोन्ही ब्रेक. पेट्रोलचा कॉक बंद करण्यात वेळ घालवू नका; कार्बोरेटरच्या वाटीत उरलेल्या पेट्रोलवर इंजिन बराच वेळ ओरडत राहतं. कधी कधी किल स्विच दाबूनही टू-स्ट्रोक बंद होत नाही, कारण तापून लाल झालेला कार्बनच ठिणगीचं काम करतो. अशा वेळी गाडी थांबवा, वरचा गिअर टाका, ब्रेक घट्ट धरून क्लच सोडा. इंजिन गुदमरून बंद पडेल. चोक ओढल्यानेही बऱ्याचदा बंद पडतं. किल स्विच नसलेली किंवा त्याची वायर तुटलेली गाडी घेऊन घाटात जाऊ नका, ही आमची कळकळीची विनंती आहे.

आता तपासणी. इंजिन बंद ठेवून मूठ पूर्ण फिरवा आणि सोडा. ती खट्‌ आवाज करत आपोआप जागेवर आली पाहिजे. हँडल सरळ ठेवून, मग पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे वळवून तेच करा. फक्त हँडल वळवल्यावर अडकत असेल तर केबल चुकीच्या वाटेने नेलेली आहे किंवा टाकीखाली चेपते आहे. सरळ हँडललाही अडकत असेल, तर कार्बोरेटरचं झाकण उघडून केबल स्लाइडपासून (मूठ फिरवल्यावर आत वर-खाली होणाऱ्या झडपेपासून) सोडवा आणि पुन्हा मूठ फिरवा. स्प्रिंगचा जोर नसल्यामुळे आता मूठ परत येणार नाही, पण हाताला ती लोण्यासारखी मऊ लागायला हवी. खरखर लागली तर दोष केबलमध्ये किंवा मुठीत. मऊ लागली तर कार्बोरेटरमध्ये.

मुठीचा दोष सगळ्यात सोपा आणि सगळ्यात दुर्लक्षित. नवीन रबर ग्रिप बसवताना ती आतपर्यंत ठोकली जाते आणि हँडलच्या टोकाला घासते. गाडी उजव्या बाजूला पडली असेल तर हँडलचं टोक चेपलेलं असतं किंवा हँडगार्ड आत सरकलेला असतो. मुठीच्या आत ग्रीस भरू नका. ग्रीसमध्ये धूळ मिसळली की तिचं पॉलिश पेस्टसारखं मिश्रण होतं. पुसून कोरडं ठेवा.

केबलची एकसुद्धा तार तुटून उभी राहिली असेल तर केबल बदला, पर्याय नाही. आतून नायलॉनचं अस्तर असलेल्या केबलला तेल लागतच नाही. नवीन केबल बसवल्यावर मुठीच्या कडेला ३ ते ५ मिलीमीटर खेळ (केबल ताणली जाण्याआधीची मोकळी फिरत) ठेवा. मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तोच धरा.

डर्टसाठी बदललेली जुनी यामाहा आरएक्स असेल तर एक जागा जास्तीची पाहावी लागते. तिची केबल मध्ये दोन फाट्यांत जाते: एक कार्बोरेटरला, दुसरी इंजिनाला टू-टी ऑइल पुरवणाऱ्या ऑइल पंपाला. पंपाचा आर्म किंवा मधला जोड चिखलाने जड झाला की रेस खाली येताना रेंगाळते, आणि लोक बिचाऱ्या कार्बोरेटरला दोष देतात.

कार्बोरेटरमध्ये मुख्य शत्रू धूळ. फोमच्या एअर फिल्टरला फिल्टर ऑइल लावलं नसेल तर बारीक माती थेट आत जाते आणि स्लाइडवर उभे ओरखडे पडतात. इंजिनाच्या ओढीने स्लाइड इंजिनाच्या बाजूला चिकटून चालते, म्हणून झीज त्या बाजूला जास्त दिसते. ओरखडे पॉलिश पेपरने घासू नका, फट वाढते आणि अडकणं आणखी वाढतं. गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली असेल तर पेट्रोल उडून जातं, मागे उरलेलं टू-टी ऑइल स्लाइडला गोंदासारखं धरतं. आताच्या इथेनॉलमिश्रित पेट्रोलमुळे ओलावाही धरला जातो, आत पांढरी बुरशीसारखी पूड दिसते. हे कार्बोरेटर क्लीनरने निघतं. स्लाइड परत घालताना तिचा कापलेला भाग एअर फिल्टरकडे आणि खाच पिनवर बसली पाहिजे. उलटी बसली तर ती पूर्ण खाली जात नाही आणि किक मारताक्षणी इंजिन किंचाळतं. झाकण लावल्यावर, किक मारण्याआधी, मूठ फिरवून स्लाइड खाली आपटल्याचा टक्‌ आवाज ऐका. हे आम्हीही दरवेळी करतो.

सगळं मोकळं आहे, तरी रेस वर लटकते? मग काहीच अडकलेलं नाही, कुठून तरी बाहेरची हवा आत जाते आहे: मॅनिफोल्डच्या (कार्बोरेटर आणि इंजिन जोडणाऱ्या) रबराला चीर, नाहीतर क्रँकचं ऑइल सील गेलेलं. इंजिन चालू ठेवून रबराभोवती थोडं पाणी फवारा. आवाज बदलला तर चीर तिथेच. तापल्या इंजिनाजवळ पेट्रोल किंवा क्लीनर फवारू नका, आग लागते. अशी गाडी चालवत राहिलात तर मिश्रण पातळ (हवा जास्त, पेट्रोल कमी) होऊन पिस्टन जाम होतो आणि शंभर-दोनशेच्या रबराचं काम सिलिंडर बोअरिंगपर्यंत जातं.

वॉशिंग सेंटरमध्ये प्रेशरचा पाइप मुठीवर, केबलच्या तोंडावर आणि एअर बॉक्सवर मारू देऊ नका. एवढं सांभाळलं तरी निम्म्या तक्रारी येणारच नाहीत, असा आमचा अनुभव आहे.

यातून दोष सापडला नाही तर गाडी छोट्या हत्तीत घालून आणा, चालवत आणू नका. जुनी केबल काढली असेल तर तीही सोबत आणा. हँडल उंच केलेलं असेल तर बाजारातली तयार केबल तोकडी पडते, आम्ही जुनीच्या मापाने लांबी ठरवून देतो.